तांदळावरचं नाव

मी माझ्या नवऱ्याची बायको नाही, असं मला परवाच्या शुक्रवारी भर वाळवंटात एका माणसाने तोंडावर सांगितलं. हातात माझंच कार्ड धरून सांगितलं. लेक लग्नाला आली, माझे गुडघे कुरकुरायला लागले, आणि मांडीवर सकाळपासून खपून केलेल्या खिम्याच्या कानवल्यांचा डबा घेऊन बसलेल्या मला हा विचारतो, खरी बायको कुठे आहे?

बाई गं, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण त्या माणसावर मी नंतर येते. आधी आमच्या घरच्या शहाण्यावर येते, कारण हे सगळं त्याने करून ठेवलेलं.

इरावती आमची एकुलती एक. इथेच बहारीनला वाढली, सगळं मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत देते. तिचं मयुरेशशी ठरलंय. मुलगा इथल्याच एका बँकेत आहे, चांगला आहे, फक्त आईसमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. लग्न मे महिन्यात पुण्याला. त्याआधी मयुरेशचे आईवडील, जयश्रीताई आणि जयप्रकाशराव, मुलाचा संसार कुठे थाटणार ते बघायला इथे आले. त्यांना एक रात्र कुठे न्यायचं, यावर सनद भागातल्या आमच्या घरात आठवडाभर खल चालला होता.

मयुरेश म्हणाला, सीफला हॉटेल घेऊ, खाली उतरलं की मॉल. जयप्रकाशराव म्हणाले, मॉल काय कोथरूडला कमी आहेत? मला वाळवंट दाखवा. मग इरावतीने समुद्राकाठची शॅले काढली, पोहण्याचा तलाव वगैरे. जयश्रीताई म्हणाल्या, मी पाण्यात उतरत नाही आणि दुसऱ्यांना उघडं बघायची मला हौस नाही. आपलाच तंबू घेऊन जाऊ, असं एक पिल्लू मयुरेशच्या मित्राने सोडलं. त्यावर मी विचारलं, तंबू ठोकणार कोण आणि संडासाला जाणार कुठे? राहता राहिला भाड्याचा कॅम्प. थंडीचे चार महिने अवाली गावाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असे कॅम्प लागतात. पांढरे तंबू, आत गालिचे, गाद्या-लोड, एक जनरेटर, धड न्हाणीघर. फक्त अट एकच, फॅमिली पाहिजे. एकट्या पुरुषांना घेत नाहीत. इथे बॅचलर म्हणजे ज्याची बायको त्या क्षणी त्याच्या बाजूला उभी नाही असा कुठलाही पुरुष, मग गावाकडे त्याला नातवंडं का असेनात.

बुकिंग माझ्या नवऱ्याने, सदानंदने, अंगावर घेतलं. सदानंदला बुकिंग दिलं की तो सेनापती होतो. दिवसभर व्हॉट्सॲपवर त्या कॅम्पवाल्याशी बोलत होता, "ब्रदर" काय, "हबीबी" काय, आणि संध्याकाळी छाती फुगवून म्हणाला, "सगळ्यांची नावं पाठवलीत. एकदम पक्कं."

नावं पाठवलीत! इथेच मुसळ केरात गेलं होतं, पण मला कुठे माहीत.

शुक्रवारी दुपारी निघालो. मयुरेश आईवडिलांना घेऊन पुढे गेला, आम्ही तिघं मागून. रिफा मागे पडलं, अवाली मागे पडलं, मग रस्त्याच्या कडेने त्या तेलाच्या पाइपलाइनी सुरू झाल्या आणि नंदीबैलासारखे माना हलवणारे पंप. डांबर संपलं तिथे वाळूत चाकांच्या खुणा होत्या. सगळे कॅम्प एकसारखे. सदानंद प्रत्येक झेंड्याकडे बोट दाखवून "हाच" म्हणायचा आणि मोबाईलमधली बाई म्हणायची, अजून पुढे जा. शेवटी आलो एकदाचे.

कुंपणाच्या फटीत लोखंडी खुर्ची टाकून एक माणूस बसला होता. पायघोळ झग्यावर फुगीर जॅकेट, डोक्याला लाल रुमाल. अहमद नाव त्याचं. उठून सलाम वगैरे केला. तसा अदबीचा होता, खोटं कशाला बोलू.

"कार्ड," तो म्हणाला.

आम्ही तिघांनी सीपीआर कार्डं, म्हणजे इथली सरकारी ओळखपत्रं, दिली. त्याने एकेक कार्ड मोबाईलशी ताडून बघायला सुरुवात केली. "मिस्टर सदानंद, ओके. इरावती, डॉटर, ओके." मग माझं कार्ड. मोबाईल बघतो, कार्ड बघतो, खिडकीतून वाकून मला बघतो.

"कुंदा?"

"हां."

"मदाम शुभदा किधर?"

"मैंच शुभदा."

"नो. ये कुंदा." त्याने कार्डावर बोट ठेवलं. "बाबा का नाम वामन. मेसेज में वाइफ शुभदा. कुंदा मफी."

मफी म्हणजे नाही. मी नाहीच! डबा मांडीवर घेऊन मी तिथे ढळढळीत बसलेली, आणि मी मफी!

सदानंद लगबगीने खाली उतरला. "सेम सेम, ब्रदर. कुंदा, शुभदा, सेम."

अहमदने त्याच्याकडे जरा निराळ्याच नजरेने पाहिलं. "टू वाइफ?"

"नो, नो!"

"टू वाइफ हो, मुश्किल नहीं. पर बुकिंग शुभदा का है. शुभदा को फोन लगाओ."

आणि सदानंद हसला. मेला खूश झाला! पोट सुटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला कुणीतरी दोन बायकांचा धनी समजलं, तर गडी गाडीच्या बॉनेटला टेकून लाजतोय. मी काच खाली केली आणि म्हटलं, "हसतोस काय? सांग त्याला नीट." चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, पण तेव्हा भान राहिलं नाही.

मी एकेरीवर आले तसा अहमदचा संशय पक्का झाला. तो सदानंदला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, पण मला ऐकू गेलं, "भाई, गर्लफ्रेंड नो. फॅमिली कॅम्प."

गर्लफ्रेंड! मी! या वयात, या कमरेने!

आता दोन नावांची भानगड सांगते. मी ठाण्याच्या गुप्त्यांची कुंदा. बाबांनी हौसेने ठेवलेलं नाव. कर्णिकांकडे लग्न ठरलं, तर त्यांच्या थोरल्या सुनेचं नाव आधीच कुंदा. सासूबाई म्हणाल्या, एका घरात दोन कुंदा झाल्या तर हाक मारायची पंचाईत. झालं! लग्नात चांदीच्या ताटात तांदूळ पसरले, सदानंदने सोन्याच्या अंगठीने त्यात 'शुभदा' असं लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. मला त्या घटकेपर्यंत माहीतही नव्हतं काय लिहिणार ते. मान वाकडी करून वाचलं तेव्हा कळलं, आजपासून आपण ही. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले, नाव मात्र मला चिकटलं. पुढे लगेच इकडची नोकरी निघाली. माझी बी.कॉम.ची प्रमाणपत्रं सगळी कुंदा वामन गुप्ते नावाची, लग्नाचा दाखलाही त्याच नावाचा, म्हणून पासपोर्टही तसाच काढला. तेव्हापासून सीफला ऑफिसात मी कुंदा. दवाखान्यात कुंदा, बँकेत कुंदा, इमिग्रेशनच्या खिडकीवर कुंदा. जगातल्या सगळ्या परक्या माणसांना माझं नाव ठाऊक आहे. घरात पाऊल टाकलं की मी शुभदा.

तर सदानंद त्या अहमदला समजावत होता. "हमारे में शादी के बाद नाम चेंज होता है. ये नाम मैंने दिया."

"तुमने दिया?" अहमदला काही कळेना. "पहले इसका नाम नहीं था?"

"था. कुंदा."

"खराब नाम है?"

"नहीं, अच्छा है."

"फिर?"

मी गाडीत बसून वाट बघत होते, काय सांगतो बघू. घरात वहिनी आधीच कुंदा होती, हे त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगणार? सदानंदने नुसते खांदे उडवले.

अहमद म्हणाला, "मेरा माँ महमुदा. शादी से पहले महमुदा, शादी के बाद महमुदा. पीछे उसके बाबा का नाम लगता है, वो भी वही, मरने तक. मेरा बाप कैसे बदलेगा? उसने नहीं रखा."

अगदी साधं बोलला तो, टोमणा म्हणूनही नाही. पण मला काय वाटलं सांगू? इतकी वर्षं मी चरफडत होते ते मला कधी असं सरळ मांडताच आलं नव्हतं. त्याने ठेवलेलं नव्हतं, तर त्याने बदललं कसं?

शेवटी अहमद इरावतीच्या खिडकीशी आला. "ये कौन?"

"माय मदर."

"नाम?"

"कुंदा," इरावती म्हणाली. जराही न अडखळता.

"खलास." त्याने मोबाईलमध्ये शुभदा खोडून कुंदा टाकलं, कार्ड माझ्या हातात दिलं आणि बाजूला झाला. "वेलकम, मदाम कुंदा. यल्ला, अंदर जाओ."

एवढ्यावर भागलं असतं तर मी कानवले खाऊन शांत झाले असते. पण आत गेलो, गालिच्यावर बसलो, जयश्रीताईंनी थर्मासमधला चहा ओतला, आणि आमच्या सेनापतींनी तो सगळा प्रसंग रंगवून सांगायला घेतला. विनोद म्हणून! "बायको बदलली म्हणाला मला! दोन-दोन आहेत म्हणाला!" सगळे हसले. जयप्रकाशराव तंबूच्या दाराशी शेगडीत कोळसे पेटवत होते, तेही पंखा थांबवून हसले.

हसता हसता जयश्रीताई म्हणाल्या, "बरी आठवण झाली. आमच्याकडेही ठरलंय बरं का, इरावतीचं नाव."

"कसलं नाव?" मी विचारलं.

"अहो, तांदळावर लिहायचं. मयूरी ठेवतोय. मयुरेशची मयूरी. कसं छान जुळतं!"

मी इरावतीकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याने गालिच्याची कड उलटी-सुलटी करत होती. म्हणजे कार्टीला माहीत होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण मी काय करीन हेही तिला माहीत होतं.

"तुला चालणारेय?" मी तिला विचारलं.

"इट्स फाइन, आई. जस्ट फॉर द सेरेमनी. फक्त त्या दिवसापुरतं."

"माझंही त्या एकाच दिवशी लिहिलं होतं. अजून चिकटलेलं आहे."

"आई, प्लीज. डोंट मेक अ सीन." आवाज अगदी बारीक झाला होता तिचा. ही माझी मुलगी शाळेत असताना बाईंनी हजेरीत 'इरा' म्हटलं तर हात वर करायची नाही. पूर्ण म्हणा, मग हात वर करते म्हणायची. आणि आता सासूच्या पहिल्या चहाला 'इट्स फाइन'!

"मयूरी छान आहे की," सदानंद म्हणाला.

घ्या! मघाशी वाळूत उभं राहून ज्याला एका 'फिर'चं उत्तर देता आलं नाही, तो आता सल्ले देतोय. उंटावरचा शहाणा!

"छान आहे ना? मग तू ठेव," मी म्हटलं. "सदानंद बदलून मयूर ठेव. मयुरेश, मयूर, मयूरी. मोरांचा थवाच होऊ दे एकदाचा."

सदानंदने डोळे वटारले. जयश्रीताईंसमोर अरे-तुरे आणि वर हे. पण माझा बांध फुटला होता. "मी विचारते, तिच्या नावात काय कमी आहे? माझ्या बाबांना नदीकाठचं गाव आठवतं म्हणून त्यांनी नातीचं नाव नदीवरून इरावती ठेवलं. कागद सगळे त्या नावाचे. ऑफिस त्या नावाचं. उद्या हिला कुणीतरी दारात अडवून विचारेल, मयूरी किधर? तेव्हा ही काय सांगणार?"

"कागदावर थोडंच बदलायचंय," जयश्रीताई म्हणाल्या. "घरात हाक मारायला."

"घरातच तर राहायचंय तिला!"

जयश्रीताईंनी कप खाली ठेवला. चेहरा उतरला होता आणि आवाज चढला होता. "हे बघा शुभदाताई, आमच्या घराची पद्धत आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. तुम्हाला पसंत नसेल तर तसं आत्ताच सांगा. लग्नाला अजून अवकाश आहे."

त्या 'अवकाश'चा अर्थ सगळ्यांना कळला. इरावतीने मयुरेशकडे बघितलं. मयुरेश लोडाला टेकून बसला होता. इरावतीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते माझ्यामुळे आलं असंच तिला वाटत होतं.

सदानंद माझ्या कानाशी पुटपुटला, "एका नावापायी मुलीचं लग्न मोडणार आहेस का?"

खरं सांगते, क्षणभर वाटलं, जाऊ दे. आपण नाही का काढली इतकी वर्षं? हसून म्हणावं, मयूरी तर मयूरी, आणि कानवल्यांचा डबा उघडावा. तोंडापर्यंत आलं होतं.

तेवढ्यात जयश्रीताई म्हणाल्या, "आम्ही नाही का बदललं नाव? मी काही मेले नाही त्याने."

"तुमचं काय होतं?" मी विचारलं.

"काय?"

"नाव. जयप्रकाशरावांशी जुळवून जयश्री ठेवलं असणार, एवढं मला कळतं. आधीचं काय होतं?"

जयश्रीताईंनी साडीचा पदर उगाच सारखा केला.

"आजी तुला बेबी म्हणायची ना?" मयुरेश म्हणाला. त्याचं त्या दिवसातलं पहिलं पूर्ण वाक्य हेच.

"बेबी सगळ्यांनाच म्हणतात. ते काय नाव आहे?" जयश्रीताई त्याच्यावर फिस्कारल्या.

"मग?" इरावती म्हणाली. "काय होतं?"

"आता काय करायचंय..."

"मला ऐकायचंय," इरावती म्हणाली.

मला त्या बाईचा राग येत होता. अजूनही येतच होता. पण हेही दिसत होतं की त्या आठवत बसल्या नव्हत्या, नाव तर ओठावर होतं. त्यांना फक्त ते मोठ्याने बोलायची सवय राहिली नव्हती.

"चारुशीला," जयश्रीताई म्हणाल्या.

मयुरेश लोडावरून उठून बसला. "आई, मला कधीच सांगितलं नाहीस. मी रोज फोनवर गिऱ्हाइकांना त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव विचारतो. आणि तुझं नावच मला..."

"तू कधी विचारलंस?"

दाराशी जयप्रकाशराव पाठमोरे उकिडवे बसले होते. कोळसे आता लाल झाले होते, ते कबाबाची एकेक सळई त्यावर मांडत होते. आमच्या भांडणात बायकांचं काहीतरी चाललंय म्हणून त्यांनी आत्तापर्यंत मान वळवली नव्हती. आता हातातली सळई तशीच धरून त्यांनी मागे पाहिलं.

"कोण चारुशीला?" त्यांनी विचारलं.

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण नाही. माणूस खरंच विचारत होता. आमच्या ओळखीतली कुणी आहे का, की पुण्याची, असा चेहरा करून सगळ्यांकडे बघत होता. ज्याने स्वतःच्या हाताने तांदळात नवं नाव लिहिलं, त्याला जुनं आठवतही नव्हतं.

जयश्रीताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग त्या वळल्या आणि इरावतीचं मनगट धरलं, असं घट्ट की तिच्या बांगड्या वाजल्या.

"तांदळावर इरावतीच लिहायचं," त्या म्हणाल्या. "आणि मयुरेशने दुसरं काही लिहायला घेतलंच, तर मांडवात सगळ्यांसमोर ताट पालथं कर. मी बघते कोण काय बोलतं ते."